मध्यंतरापर्यंतचा निकाल

तारखा प्रथम देतो. रागावलेल्या माणसाने क्रम सोडला की प्रतिपक्षाला पळवाट सापडते. तिथी दक्षिणी पंचांगाच्या आहेत. ज्या हिंदीभाषी शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो त्यांनी आपापला मेळ घालून घ्यावा.

कार्तिक वद्य एकादशी, रविवार. शहरात येणारे बोलपट तपासणाऱ्या समितीने एका विनोदी बोलपटास संमती दिली. जबाबदार : समितीचे तिन्ही सभासद.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, शनिवार. त्या बोलपटाचा पहिला खेळ झाला. टोपी बाजाराच्या तोंडाशी लागलेल्या फलकावर ‘शिकणाऱ्या मुलींनी अवश्य पाहावा’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. जबाबदार : थिएटरचे व्यवस्थापक.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, बुधवार. केवळ स्त्रियांसाठी राखलेला दुपारचा खेळ. या खेळात माझ्या मुलीचे भरल्या सभागृहात हसे झाले. जबाबदार : वरील सर्व, आणि आणखी एक इसम. त्याचा उल्लेख त्याच्या जागी येईल.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी, रविवार. मी समितीच्या अध्यक्षांस पत्र लिहिले. त्यानंतर वद्य तृतीयेस स्मरणपत्र. दोहोंस उत्तर नाही. जबाबदार : अध्यक्ष, एकटे.

आता हकीकत.

मी निवृत्त वकील आहे आणि माधवगंजात राहतो. पत्नी वारल्यापासून घरात मी आणि माझी मुलगी, दोघेच. आमच्या आळीत दक्षिणेतून आलेली जुनी घरे पुष्कळ, आणि त्या घरांत एक रिवाज बोलपट आले तेव्हापासून पडला आहे : घरातल्या स्त्रियांनी पाहावयाचा खेळ आधी एखाद्या वडीलधाऱ्या पुरुषाने पाहून यायचा. प्रत्येक घरातल्या पुरुषाला सवड कुठली? हळूहळू ते काम माझ्याकडे आले. दर शनिवारी तीनच्या खेळाला मी जात असे, आणि रविवारी सकाळी पडवीतल्या खुंटीला अर्ध्या कागदावर लिहिलेला निकाल अडकवीत असे. वर्ग तीनच : सर्वांस योग्य, विवाहित स्त्रियांस योग्य, अयोग्य. खाली चार ओळींत कारणे, आणि माझी पूर्ण सही. सही नसलेला कागद मी आयुष्यात कोणाच्या हाती दिलेला नाही.

या काळजीचा नमुना म्हणून अलीकडचे तीन निकाल सांगतो.

दिवाळीपूर्वी एक पौराणिक बोलपट आला. त्यात एक ऋषी एका राजाला दारातूनच शाप देतो. राजाला नोटीस नाही, आपली बाजू मांडण्यास अवधी नाही. राजा स्नानाला गेला होता एवढाच त्याचा अपराध. मी लिहिले की निकाल एकतर्फी असला तरी पुराणांत ही पद्धत जुनी आहे आणि तिचा दोष बोलपट काढणाऱ्यांकडे जात नाही. देवांचे मुकुट पत्र्याचे वाटतात, नदी मात्र खरी आहे. सर्वांस योग्य.

दुसरा मारधाडीचा. त्यातला दरोडेखोर किल्ल्याच्या बुरुजावरून खाली धावणाऱ्या घोड्यावर उडी घेतो आणि तसाच पुढे जातो. ज्या माणसाने जन्मात एकदा तरी आपल्या शहरातल्या किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून मान वर केली आहे, त्याला त्या घोड्याचे काय झाले असते ते सांगायला नको. शिवाय दरोडेखोर लुटीतला भाग गरिबांना वाटतो आणि फौजदार ते पाहून डोळे पुसतो. चोरीचा माल वाटला म्हणून चोरी पुसली जात नाही. अयोग्य. त्या आठवड्यात आळीतल्या दोन म्हाताऱ्या मला न विचारता तो खेळ पाहून आल्या आणि महिनाभर माझ्या दारावरून जाताना पदर तोंडाला लावून हसत राहिल्या.

तिसरा सामाजिक, रडका. त्यात न्यायाधीश आरोपीच्या आईची साक्ष शपथेवाचून घेतो, उलटतपासणी होऊ देत नाही, आणि साक्ष संपताच स्वतःच रुमाल काढतो. मी त्या बोलपटाच्या कंपनीस तीन पानी पत्र लिहून साक्षीपुराव्याची रीत कळविली. कंपनीने उत्तरादाखल नायिकेचे सही केलेले छायाचित्र पाठविले. ते मी परत पाठविले. निकाल : विवाहित स्त्रियांस योग्य. हा खेळ पाहून आल्यावर शेजारच्या घरातली एक सासूबाई पडवीत येऊन म्हणाली की शेवट असा आहे की दगडालाही पाझर फुटावा. मी म्हणालो, “हो.”

तो ‘हो’ वाचकांनी ध्यानात ठेवावा. मी त्याकडे परत येणार आहे.

आता मुलीविषयी. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माझ्याकडे परत आली, त्याला चार वर्षे झाली. सातवीपर्यंत शिकलेली आहे, अक्षर माझ्याहून चांगले आहे, आणि गेल्या वर्षीपासून चष्मा लावते. दुपारी जेवणे आटोपली की आळीतल्या पाच स्त्रिया पाट्या घेऊन आमच्या पडवीत येत. मी आत पडल्या पडल्या ऐकत असे. त्यांतली सर्वांत तरुण ही वर सांगितलेल्या सासूबाईंची सून. तिचा नवरा फौजेत आहे, लढाईवर समुद्रापलीकडे गेला आहे, आणि त्याची पत्रे सासूकडून वाचवून घ्यावी लागतात म्हणून ही अक्षरे शिकत होती. सासू पत्रातले निम्मे गिळते असा तिचा संशय होता. काना, मात्रा, वेलांटी असे करत ती दिवाळीपर्यंत स्वतःच्या नवऱ्याच्या नावापर्यंत आली होती. ते नाव तिने पाटीवर लिहिले आणि उच्चारायला नको म्हणून पाटी फिरवून माझ्या मुलीला दाखविली, तेव्हा त्या दोघी किती हसल्या हे मला आतल्या खोलीत ऐकू आले होते.

हे पाहून मीच मुलीला म्हटले की मुलींच्या शाळेवर शिक्षिका तयार करण्याचा वर्ग संक्रांतीनंतर सुरू होत आहे, तू अर्ज कर. तिने दोन दिवस घेतले. मग अर्ज लिहिला. तो सुंदर अक्षरांतला अर्ज पालकाच्या सहीसाठी तिने माझ्या मेजावर आणून ठेवला, तो दिवस कार्तिकी पौर्णिमेचा. मी सही केली, आणि चांगला दिवस पाहून नेऊन देऊ म्हणून कागद फळीवर ठेवला. मुदत संक्रांतीच्या आदल्या दिवसापर्यंत आहे.

मध्ये तो विनोदी बोलपट आला.

द्वितीयेच्या शनिवारी मी नेहमीच्या जागी बसलो. गोष्ट एका गावात येणाऱ्या विधवा शिक्षिकेची. ती डोक्यावरून पदर घेऊन बैलगाडीतून उतरते, पडक्या धर्मशाळेत शाळा मांडते, आणि पहिल्या दिवशी एकही मूल येत नाही तेव्हा रिकाम्या ओसरीसमोर उभी राहून पूर्ण बाराखडी म्हणते. मी तीस वर्षे रिकाम्या बाकांसमोर युक्तिवाद केले आहेत. तिला एक सवय आहे, जो येईल त्याला ती प्रथम सांगते, “पहले स्लेट साफ करो.” पाटलालाही सांगते, आणि पाटील बाहीने पाटी पुसतो. लोक हसले, मीही हसलो, आणि त्या हसण्यात मला काहीही वावगे वाटले नाही. रविवारी मी लिहिले : सर्वांस योग्य. आणि त्याखाली, जे मी पूर्वी कधी लिहिले नव्हते : विशेषतः शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या स्त्रियांनी जावे.

मुलगी नवरा गेल्यापासून थिएटरात गेली नव्हती. लोक काय म्हणतील म्हणाली. मी म्हणालो, माझी सही आहे. बुधवारी चंपाषष्ठी. तळीभंडार झाला, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, आणि आळीतल्या झाडून साऱ्या स्त्रिया टांग्यांतून खेळाला गेल्या. मी तिला स्वतः टांग्यात बसवून दिले.

ती परत आली तेव्हा तिने चष्मा काढून हातात धरला होता. डोके दुखते म्हणाली. मी थंडीचे कारण समजलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाचही जणी आल्या. फौजेतल्या शिपायाची बायको पडवीची पायरी चढता चढता म्हणाली, “ताई, आधी स्लेट साफ करा हं. नाहीतर कंपौंडर यायचा.” सगळ्या खदखदून हसल्या. माझी मुलगीही हसली. शिपायाच्या बायकोच्या बोलण्यात विष नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण शुक्रवारी तिघीच आल्या आणि शनिवारी एक. रविवारी कोणीच आले नाही, आणि भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला. त्या कोणाशी बोलत होत्या ते दिसले नाही. ऐकू यावे इतक्या मोठ्याने मात्र बोलत होत्या :

“मास्टरनी व्हायचंय म्हणे. कंपौंडर ठरवलाय का आधी?”

कंपौंडर कोण, हे मला समजले नाही. पडद्यावर मी कोणताही कंपौंडर पाहिला नव्हता. मी मुलीला विचारावयास गेलो. ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडीत होती, चष्म्यावाचून, ताट डोळ्यांशी धरून. मी म्हणालो, या बायका कोणाविषयी बोलत आहेत? तिने ताट खाली ठेवले, उठून गेली, आणि खुंटीचा कागद काढून आणून माझ्यापुढे जमिनीवर ठेवला. सहीची बाजू माझ्याकडे वळलेली होती.

“नाना,” ती म्हणाली, “हा तुम्ही पूरा पाहिला होता का?”

आता तो ‘आणखी एक इसम’ : तो मीच. माझी सायंसंध्या पन्नास वर्षांत चुकलेली नाही. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो आणि तीनचा खेळ सहाच्या पुढे जातो. म्हणून मध्यंतराची घंटा झाली की मी उठतो आणि चालत घरी येतो. उन्हाळ्यातही तीच सवय पडली. मी आजवर एकही बोलपट शेवटपर्यंत पाहिलेला नाही. त्या राजाचा शाप उतरला की नाही हे मला आजही ठाऊक नाही. आईची साक्ष ऐकून न्यायाधीशाने काय निकाल दिला, ठाऊक नाही. सासूबाई शेवटाची स्तुती करीत होत्या तेव्हा मी ‘हो’ म्हणालो, ती खोटी साक्ष होती. मी मनाशी अशी समजूत घातली होती की अनुभवी माणसाला वादीची बाजू ऐकली की दाव्याचा अंदाज येतो. वकिलीत माझ्यासमोर कोणा न्यायाधीशाने असे म्हटले असते तर मी वरच्या कोर्टात त्याची सालटी काढली असती.

हे सर्व मी मुलीला त्या वेळी सांगितले नाही. मी म्हणालो, “मध्यंतरापर्यंत.”

फळीवरून तिने आपला अर्ज काढला, त्याची दोनदा घडी घातली आणि तो पत्नीच्या जुन्या पेटीत टाकून पेटी लावली.

तिथींचा क्रम पुन्हा पाहावा. भिंतीपलीकडचे बोलणे शुद्ध दशमीचे. त्याच दिवशी तीनच्या खेळाला मी गेलो. मध्यंतराची घंटा झाली, दिवे लागले, आणि मी जागेवर बसून राहिलो. व्यवस्थापक दाराशी उभे असतात. ते लगबगीने आले. “वकीलसाहब, आप तो हमेशा इंटरवल में उठ जाते हैं. तबीयत ठीक है?” म्हणजे साऱ्या थिएटरला ते ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त माझ्या आळीला.

उत्तरार्ध मी पाहिला. मध्यंतरानंतर पहिल्या दहा मिनिटांत कंपौंडर येतो. शिक्षिका त्याच्यासाठी चष्म्याला सोनेरी काड्या लावते, केसांना तेल चोपडते, औषधाच्या निमित्ताने रोज दवाखान्यात जाते. मुले तिच्या खुर्चीला दोरी बांधतात. तिने फळ्यावर लिहिलेली बाराखडी पुसून कोणी तिथे कंपौंडरचे चित्र काढते, आणि ती ते न पाहता छडीने दाखवून वाचू लागते. शेवटी गावची पंचायत बसते. ती पंचांसमोर आपली पाटी आपल्या हाताने फोडते, क्षमा मागते आणि दिराच्या घरी चुलीपुढे जाऊन बसते. तिच्या तोंडावर धूर येतो आणि पाटील सर्वांना म्हणतो, “अब स्लेट साफ हुई.” इथे सभागृह इतके हसले की पुढचे शब्द ऐकू आले नाहीत.

मी अंधारात बसून हिशेब केला की बुधवारी माझी मुलगी कुठे बसली असेल. बांबूच्या चिकाच्या पडद्यामागची ती स्त्रियांची वरची बाके मला माहीत आहेत. तिच्या दोन्ही बाजूंना तिच्याच शिष्या असणार. प्रथम त्या बोलपटातल्या बाईकडे पाहून हसल्या असतील. मग कोणीतरी वळून हिच्या चष्म्याकडे पाहिले असेल. उठून यावे तर सर्वांच्या गुडघ्यांवरून यावे लागते. ती शेवटपर्यंत बसली. ज्या दाव्याचा निकाल तिच्या बापाने अर्धा ऐकून दिला, तो तिने पूर्ण ऐकला.

बोलपटाविषयी माझे मत अखेर हे आहे. पौराणिकातले खोटे मुकुट आणि मारधाडीतला तो अमर घोडा निरुपद्रवी आहेत, कारण घरी आल्यावर कोणी त्यांच्यासारखे दिसत नाही. विनोदी बोलपट घरी येतो. पूर्वार्धात ज्या बाईविषयी आपल्याला माया वाटायला लावली तिलाच उत्तरार्धात हास्यासाठी विकले, हा विश्वासघात आहे, आणि तो हेतुपुरस्सर आहे. निकाल : अयोग्य. हा निकाल मी दशमीच्या संध्याकाळी लिहून खुंटीला लावला. तो वाचायला कोणी आले नाही.

बाहेर पडताना मी व्यवस्थापकांना विचारले की समितीने याला संमती दिली कशी. ते सरळ माणूस आहेत, हसून म्हणाले, “कमेटीवाले भी मध्यांतर की चाय पीकर चले जाते हैं, साहब. आप ही की तरह.”

घरी पोहोचेपर्यंत काळोख झाला होता. वेळ टळल्यावर संध्या करावयाची तर नेहमीच्या तीन अर्घ्यांवर चौथे प्रायश्चित्ताचे द्यावे लागते. ते मी पन्नास वर्षांत प्रथमच दिले. शास्त्रकारांनी चुकलेल्या वेळेसाठीदेखील सोय करून ठेवली आहे. पडवीतल्या पाच रिकाम्या जागांसाठी कोणती सोय आहे, हे मला कोणत्याही पोथीत सापडले नाही. हात धुऊन मी अध्यक्षांना पत्र लिहिले, आणि नंतर स्मरणपत्र. अध्यक्ष माझ्या ओळखीचे आहेत. कचेरीच्या वाटेवर भेटतात. परवा भेटले तेव्हा थंडी फार पडली आहे असे म्हणाले.

चार दिवसांपूर्वी मी मुलीला पेटी उघड म्हटले. तिला अनेक प्रकारे समजावले : शाळेचा वर्ग माधवगंजात भरत नाही, तिथे भिंतीपलीकडची सासू नाही, माणसे विसरतात. ती ऐकत होती. मग म्हणाली, “पलीकडच्या सासूबाई मला विचारतात, तुझ्या वडिलांनीच पाहून पास केला ना? तेव्हा त्यात खोटं काय असणार. नाना, त्यांना मी काय सांगू?”

मी म्हणालो, सांग की मी अर्धाच पाहिला.

“मी सांगून उपयोग नाही,” ती म्हणाली. “मी तर तीच मास्टरनी. तुम्ही सांगा. सहीनं सांगा.”

म्हणून मी हे लिहिले आहे, आणि शहरातल्या साप्ताहिकाकडे छापण्यास देत आहे. आळीतल्या प्रत्येक घराने ते मोठ्याने वाचवून घ्यावे, विशेषतः ज्या घरात पत्रे निम्मी वाचली जातात त्या घराने. मी त्या बोलपटाचा पूर्वार्ध पाहून त्यावर सही केली. उत्तरार्ध मी पाहिला नव्हता. मागच्या सर्व निकालांचेही तसेच आहे, आणि ते सर्व मी रद्द करतो. माझ्या मुलीत आणि त्या बोलपटातल्या बाईत बाराखडीपलीकडे काहीही समान नाही, आणि असते तरी त्यात हसण्यासारखे काही नव्हते. हे माझे उघड उत्तर झाले. मुलीने काल रात्री याचा मसुदा चष्मा लावून वाचला आणि दोन ठिकाणी माझे शुद्धलेखन सुधारले. पेटी अजून उघडलेली नाही.

परंतु खुंटीवरचा माझा कागद एका आळीपुरता होता. समितीची संमती साऱ्या शहरासाठी आहे, आणि त्या बुधवारी वरच्या बाकांवर चष्मा लावलेली माझी मुलगी एकटीच नसेल. मी समितीच्या अध्यक्षांस या पत्राने तिसऱ्यांदा आणि सर्वांसमक्ष विचारतो : कार्तिक वद्य एकादशीस तो बोलपट तपासताना आपण व आपले दोन्ही सहकारी मध्यंतरानंतर जागेवर बसला होतात काय? बसला होतात, तर त्या उत्तरार्धात काय पाहून संमती दिलीत ते सांगावे. नव्हता बसलात, तर तेही सांगावे. उत्तर याच साप्ताहिकात, आपल्या पूर्ण सहीने, संक्रांतीपूर्वीच्या अंकात यावे. रस्त्यात भेटून दिलेले उत्तर मी स्वीकारणार नाही.